कारखाना गेला, आवार राहिले: पोलंडमधील मिएलेत्स शहराचे प्रकरण

१९८९ नंतर पूर्व युरोपातील समाजवादी अर्थव्यवस्था बाजाराकडे वळल्या, तेव्हा त्या बदलाचा हिशेब बहुतांशी देशपातळीवर मांडला गेला. महागाई किती वाढली, चलन परिवर्तनीय (म्हणजे इतर देशांच्या चलनांत मोकळेपणाने बदलता येणारे) केव्हा झाले, किती सरकारी उद्योग विकले गेले, अशा प्रश्नांभोवती चर्चा फिरत राहिली. सरकारी उद्योग मात्र देशभर सारखे पसरलेले नव्हते. काही शहरे एकाच कारखान्यावर जगत होती आणि तेथे तो कारखाना अडचणीत येणे म्हणजे पगारापासून घरभाड्यापर्यंत आणि पाळणाघरापासून फुटबॉलच्या संघापर्यंत सगळेच एकदम डळमळणे होते. पोलंडच्या आग्नेय भागातील मिएलेत्स हे अशा शहरांपैकी एक होय. सप्टेंबर १९९५ मध्ये पोलंडमधील पहिले विशेष आर्थिक क्षेत्र (सेझ), म्हणजे गुंतवणूकदारांना करसवलत देणारा आखीव भाग, येथे स्थापन झाले आणि तेव्हापासून हे शहर यशस्वी स्थित्यंतराचा दाखला म्हणून सांगितले जाते. ते यश खरे आहे. त्याचे श्रेय सहसा करसवलतीला दिले जाते, ते मात्र निम्मेच बरोबर आहे, असे या प्रकरणाचा तपशील पाहिल्यावर वाटते. बुडणारी कंपनी आणि ती ज्या आवारात उभी होती ते आवार, या दोन गोष्टी येथे वेळेवर एकमेकींपासून सोडवल्या गेल्या. कंपनी वाचवण्याचा अट्टहास सोडून आवार वाचवण्याचे काम एका सरकारी संस्थेने वर्षानुवर्षे केले. या लेखाचा भर त्या कामावर आहे.

एका कारखान्याचे शहर

विस्वोका नदीकाठचे मिएलेत्स १९३० च्या दशकापर्यंत काही हजार वस्तीचे बाजारगाव होते. भोवतालचा प्रदेश दाट लोकवस्तीचा, गरीब आणि तुकड्यातुकड्यांच्या शेतीचा होता. १९३६ मध्ये तत्कालीन उपपंतप्रधान आणि अर्थमंत्री एउगेनिउश क्व्यात्कोव्हस्की यांच्या पुढाकाराने ‘मध्यवर्ती औद्योगिक प्रदेश’ उभारण्याची योजना सुरू झाली. जर्मन आणि सोव्हिएत या दोन्ही सीमांपासून त्यातल्या त्यात दूर असलेल्या पट्ट्यात शस्त्रास्त्रे, पोलाद आणि विमाने यांचे कारखाने काढावेत आणि त्याच वेळी शेतीवर भागत नसलेल्या माणसांना काम द्यावे, असा दुहेरी हेतू तिच्यामागे होता. मिएलेत्सच्या वाट्याला विमानाचा कारखाना आला आणि युद्ध सुरू होण्यापूर्वी ‘वोश’ या बॉम्बफेकी विमानाची जुळणी तेथे सुरूही झाली. जर्मन ताब्याच्या काळात तोच कारखाना हाइन्केल या जर्मन विमान कंपनीसाठी चालवला गेला.

कारखाना येथे येण्याचे कारण बाजार नव्हता, संरक्षण होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कच्चा माल, बंदर, मोठे ग्राहक शहर यांपैकी काहीच जवळ नसताना केवळ नकाशावरील सुरक्षित जागा म्हणून तो उभा राहिला होता. ज्या देशांमध्ये उद्योगांची जागा सरकारने ठरवली, तेथे सरकारी मालकी संपताना हा प्रश्न हटकून पुढे येतो: मालक बदलला तरी जागा तीच राहते आणि त्या जागेला बाजाराच्या दृष्टीने काही अर्थ आहे की नाही, हे कोणीच तपासलेले नसते.

युद्धानंतरच्या चार दशकांत कारखाना प्रचंड वाढला. सोव्हिएत मिग-१५ ची पोलिश आवृत्ती येथे बनली. १९६० पासून आन्तोनोव्ह आन-२ या एका इंजिनाच्या दुपंखी विमानाचे उत्पादन सुरू झाले आणि पुढील काळात अशी जवळपास १२,००० विमाने येथून बाहेर पडली, त्यांतील बहुतेक सोव्हिएत संघात गेली. ‘इस्क्रा’ हे प्रशिक्षण विमानही येथलेच. भारतीय हवाई दलाने १९७० च्या दशकात अशी ५० विमाने घेतली होती आणि हैदराबादजवळच्या हकिमपेठ येथे अनेक वर्षे वैमानिक त्यांवर शिकले. शेतात फवारणी करणारे ‘ड्रोमाडेर’, परवान्याखाली बनणारी लेलँड डिझेल इंजिने, मिक्रुस नावाची छोटी मोटारगाडी अशी यादी लांबत गेली. १९८० च्या दशकात सुमारे साठ हजार वस्तीच्या या शहरात एकट्या कारखान्यात वीस हजारांहून अधिक माणसे कामाला होती, अर्थात त्यांतील बरीच आसपासच्या खेड्यांतून रोज येणारी होती. कारखान्याच्याच पाठबळावरचा ‘स्ताल मिएलेत्स’ हा फुटबॉल संघ १९७३ आणि १९७६ मध्ये पोलंडचा विजेता ठरला आणि १९७४ च्या विश्वचषकात सर्वाधिक गोल करणारा ग्झेगोश लातो याच संघाचा खेळाडू होता.

या काळातील एक प्रकरण थोडे जवळून पाहण्याजोगे आहे, कारण पुढे काय वाढून ठेवले होते त्याची खूण त्यात दिसते. १९७० च्या दशकाच्या आरंभापासून मिएलेत्समध्ये ‘मेलेक्स’ नावाच्या विजेवर चालणाऱ्या गोल्फ गाड्या बनू लागल्या आणि त्या अमेरिकेला निर्यात होऊ लागल्या. पोलंडमध्ये तेव्हा गोल्फ जवळजवळ कोणी खेळत नव्हते. गाड्या स्वस्त असल्यामुळे अमेरिकी उत्पादकांनी तक्रार केली आणि १९७५ मध्ये ‘पडेल भावाने विक्री’, म्हणजे रास्त मूल्यापेक्षा कमी भावात निर्यात, होत असल्याचा निष्कर्ष तेथे निघाला. मात्र पडेल भाव कशाच्या तुलनेत, हा प्रश्न सुटेना. देशांतर्गत किंमत पाहावी तर पोलंडमध्ये या गाड्यांना ग्राहकच नव्हता. उत्पादनखर्च पाहावा तर पोलाद, वीज आणि मजुरी यांचे पोलिश दर सरकारने ठरवलेले, तेव्हा त्यांवर विसंबता येत नव्हते. कॅनडातील एका छोट्या उत्पादकाच्या किमतीचा आधार घेतला, तर त्याने उत्पादनच थांबवले. शेवटी स्पेनसारख्या तुल्य वाटणाऱ्या देशात तीच गाडी बनवली असती तर किती खर्च आला असता, असा कल्पित हिशेब मांडण्याची पद्धत काढावी लागली. व्यापारकायद्याच्या अभ्यासकांना हे प्रकरण परिचित आहे. प्रादेशिक विकासाच्या दृष्टीने त्यातून निघणारी गोष्ट अधिक अस्वस्थ करणारी आहे. आपण बनवतो ती वस्तू नेमकी कितीला पडते, हे कारखान्यालाही ठाऊक नव्हते. पंधरा वर्षांनी त्याच कारखान्याचे मूल्य ठरवण्याची वेळ आली तेव्हा हे अज्ञान सगळ्यांच्या वाट्याला आले.

१९९० ते १९९५

१ जानेवारी १९९० पासून अर्थमंत्री लेशेक बाल्त्सेरोविच यांचा कार्यक्रम अमलात आला. बहुतेक किमती खुल्या झाल्या, अनुदाने कापली गेली, व्यापारावरील बंधने उठली आणि सरकारी उद्योगांनी ठरावीक मर्यादेबाहेर पगारवाढ दिल्यास त्यांवर जबर कर बसू लागला. त्या वर्षी महागाईचा सरासरी दर ५८० टक्क्यांच्या वर गेला आणि सरकारी उद्योगांचे उत्पादन सुमारे चतुर्थांशाने घटले. मिएलेत्सवर खरा घाव वर्षभराने बसला. जानेवारी १९९१ पासून समाजवादी देशांमधील आपसांतला व्यापार परिवर्तनीय चलनात होऊ लागला आणि सोव्हिएत संघाकडे तसे चलन नव्हते. वर्षअखेरीस तो देशच उरला नाही. ज्या ग्राहकासाठी हा कारखाना तीस वर्षे विमाने बनवत होता, तो ग्राहक एकाएकी नाहीसा झाला.

यानंतरचा घटनाक्रम सरकारी उद्योगांच्या कोणत्याही जाणकाराला ओळखीचा वाटेल. ऑर्डर नाही म्हणून पैसा नाही, पैसा नाही म्हणून पगार थकले, पगार द्यायचे म्हणून वीज, कर आणि सामाजिक विम्याची देणी थकवली गेली. १९९२ च्या उन्हाळ्यात पोलंडच्या अनेक मोठ्या कारखान्यांत संप झाले, त्यांत मिएलेत्सही होते. त्या अस्वस्थतेला उत्तर म्हणून कामगारमंत्री यात्सेक कुरोन यांनी सरकारी उद्योगांबाबत कामगार संघटनांशी करार घडवून आणला आणि खासगीकरणाच्या मार्गाविषयी कामगारांना बोलण्याचा अधिकार दिला. मिएलेत्सपुरते पाहिले तर त्याने फारसे साधले नाही. ज्या उद्योगाला ग्राहक उरलेला नाही, त्याच्या खासगीकरणाचा मार्ग कामगारांनी निवडला काय आणि मंत्रालयाने निवडला काय, घेणारा कोणी पुढे येत नव्हता.

मूळ उद्योगाची विभागणी करून वेगवेगळ्या कंपन्या काढण्यात आल्या. काही छोट्या विभागांनी स्वतःचे पाय शोधले, गोल्फ गाड्यांचा विभाग त्यांतील एक होता आणि ‘मेलेक्स’ आजही मिएलेत्समध्येच बनतात. विमानांचा मुख्य विभाग मात्र कर्जाखाली दबलेलाच राहिला. देशात १९९३ अखेर बेरोजगारी १६ टक्क्यांवर होती आणि मिएलेत्स परिसरात ती वीस टक्क्यांच्या पुढे गेली. हा आकडाही परिस्थिती कमी करून दाखवतो. या भागातील बरेच कामगार अर्धे शेतकरी होते. कारखान्यातील नोकरी गेल्यावर ते दोन-तीन हेक्टरांच्या घरच्या शेतावर परतले आणि जमीन नावावर असल्यामुळे बेरोजगारांच्या नोंदीत आलेच नाहीत. अनेक जण अपंगत्व निवृत्तिवेतन किंवा मुदतपूर्व निवृत्ती घेऊन बाजूला झाले. पोलंडने त्या दशकात सामाजिक असंतोष बऱ्याच अंशी निवृत्तिवेतनाच्या तिजोरीतून शमवला, असे म्हटले तर वावगे ठरणार नाही.

क्षेत्राची मांडणी

२० ऑक्टोबर १९९४ रोजी पोलिश संसदेने विशेष आर्थिक क्षेत्रांचा कायदा केला आणि त्याखालील पहिले क्षेत्र ५ सप्टेंबर १९९५ च्या आदेशाने मिएलेत्स येथे, ‘युरो-पार्क’ या नावाने, वीस वर्षांसाठी स्थापन झाले. कल्पना आयर्लंडमधील शॅनन येथून घेतलेली होती. तेथे १९५९ मध्ये, लांब पल्ल्याची विमाने इंधनासाठी थांबेनाशी झाल्याने ओस पडू लागलेल्या विमानतळाभोवती करमुक्त औद्योगिक क्षेत्र काढून तो भाग पुन्हा उभा करण्यात आला होता. मिएलेत्सलाही विमानतळ होता, कारखान्याच्या चाचण्यांसाठी बांधलेली सुमारे अडीच किलोमीटरची धावपट्टी होती आणि ओस पडण्याची भीती तर होतीच.

क्षेत्राचे व्यवस्थापन ‘उद्योग विकास अभिकरण’ या १९९१ मध्ये स्थापन झालेल्या सरकारी मालकीच्या कंपनीकडे सोपवले गेले. दोन दशलक्ष युरोच्या आसपासची गुंतवणूक किंवा शंभर माणसांना रोजगार, यांपैकी एका अटीची पूर्तता करणाऱ्या कंपनीला पहिली दहा वर्षे कंपनीकर पूर्ण माफ आणि उरलेल्या काळात निम्मा माफ, असे सवलतीचे स्वरूप होते. सवलत आपोआप लागू होत नव्हती. प्रत्येक कंपनीला स्वतंत्र परवाना घ्यावा लागे आणि त्यात कोणत्या तारखेपर्यंत किती गुंतवणूक करणार व किती माणसे घेणार, हे लिहून द्यावे लागे. शब्द पाळला नाही तर परवाना रद्द होऊ शकत होता. तसेच माफी मिळत होती ती नफ्यावरच्या कराची, त्यामुळे जी कंपनी नफा कमावू शकणार नाही तिला या योजनेत काहीच मिळत नव्हते. रोख अनुदान घेऊन पळ काढणाऱ्या गुंतवणूकदारांपासून तिजोरी त्यामुळे बऱ्यापैकी सुरक्षित राहिली.

सेझ म्हटले की महाराष्ट्रातील वाचकाला रायगड आठवणे स्वाभाविक आहे. तेथील वादाच्या मुळाशी शेतजमिनीचे संपादन होते. मिएलेत्सची गोष्ट उलट आहे. येथे सुमारे ५७५ हेक्टरांचे क्षेत्र प्रामुख्याने त्याच सरकारी कारखान्याच्या जमिनीवर आखले गेले. शेतकऱ्याची जमीन घेऊन कारखाना आणण्याचा प्रश्न नव्हता. कारखान्याची जमीन कारखान्याकडून सोडवून दुसऱ्या कारखान्यांना द्यायची होती.

हे ऐकायला सोपे वाटले तरी एका मालकासाठी बांधलेले आवार अनेक मालकांना देणे हे चिकाटीचे काम असते. आवारातील रस्ते मुख्य दारापासून एका शेडकडून दुसऱ्या शेडकडे जाणाऱ्या सामानाच्या सोयीने आखलेले होते, शहराच्या रस्त्यांना जोडण्यासाठी नव्हे. वाफ, वीज, पाणी आणि सांडपाणी यांच्या वाहिन्या एका संस्थेच्या मालकीच्या होत्या. त्यांचे खर्च वेगळे काढणारे मीटर नव्हते, कारण हिशेब शेवटी एकाच वहीत जात होता. संरक्षण उत्पादनामुळे सारे आवार बंदिस्त होते. नव्या कंपनीला मात्र निर्वेध मालकी हक्क असलेला भूखंड, स्वतंत्र प्रवेश, स्वतंत्र जोडणी आणि वीजपुरवठ्याची हमी लागते, आणि हे सारे तिला जुन्या कंपनीच्या धनकोंशी भांडत न बसता हवे असते. अभिकरणाने जुन्या कारखान्याकडून जमिनी आणि इमारती टप्प्याटप्प्याने स्वतःकडे घेतल्या, त्यांवरचे बोजे मिटवले, भूखंड पाडले, रस्ते आणि वाहिन्या केल्या आणि मग ते विकले. कारखान्याचे जुने औष्णिक केंद्र वेगळी कंपनी म्हणून चालू राहिले आणि सबंध क्षेत्राला वीज व उष्णता पुरवत राहिले.

करसवलत निम्मेच उत्तर आहे असे मी म्हणतो, ते या कामाकडे पाहून. सवलत पुढे देशात अनेक ठिकाणी मिळाली. १९९८ पर्यंत मंजूर क्षेत्रांची संख्या सतरापर्यंत गेली होती आणि त्यांतील काही पुढे बंद किंवा विलीन होऊन चौदा उरली. कर सर्वत्र सारखाच माफ होता, तरी सर्व ठिकाणी सारखे कारखाने आले नाहीत. ज्या ठिकाणी सवलतीबरोबर तयार आवार, चालू वीज, रेल्वेचा फाटा आणि यंत्रावर हात बसलेली माणसे होती, तेथे गुंतवणूक आधी आली. मिएलेत्सच्या टर्नर, मिलिंग कामगार आणि साचेकारांनी विमानासाठीची काटेकोर मापे सांभाळलेली होती. त्यांना मोटारीच्या भागांची मापे शिकवायला फार वेळ लागला नाही.

कोण आले, कोणाला मिळाले

पहिली दोन वर्षे संथ गेली. १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून वेग आला. जर्मनीतील किर्शहोफ कंपनीने मोटारींच्या धातूच्या भागांचा कारखाना काढला, क्रोनोश्पानने लाकडी फळ्यांचा, हुस्कवार्नाने बागकामाच्या यंत्रांचा. ब्लॅक रेड व्हाइट ही पोलिश फर्निचर कंपनीही आली. या यादीत विमान कोठेच नाही, हे शहराने बऱ्याच कष्टाने पचवले. सरकारी नियोजनाने एकच उद्योग दिला होता, बाजाराने अनेक दिले, पण ते शहराच्या अभिमानाचे नव्हते. आर्थिकदृष्ट्या ही विविधता हिताचीच ठरली. एका ग्राहकाच्या जाण्याने सगळे कोसळण्याचा अनुभव ताजा असताना मोटार, लाकूड, यंत्रे आणि फर्निचर अशा वेगवेगळ्या चक्रांवर चालणारे उद्योग एका आवारात येणे, हा शहराचा विमाच होता.

रोजगाराचा आकडा कालांतराने सावरला, हे निर्विवाद आहे. त्या आकड्याखाली दडणारी एक गोष्ट मात्र विकासाच्या अहवालांतून सहसा सुटते. काम गेलेली माणसे आणि काम मिळालेली माणसे, ही बव्हंशी वेगळी होती. १९९१ मध्ये पंचेचाळिशीत असलेला फिटर क्षेत्रात कारखाने उभे राहीपर्यंत पन्नाशीपलीकडे गेला होता आणि नव्या कंपन्यांना तिशीच्या आतले लोक हवे होते. मधली सात-आठ वर्षे त्या पिढीसाठी परत येणारी नव्हती. ‘शहर सावरले’ या विधानातील शहर म्हणजे बऱ्याच अंशी पुढची पिढी. म्हणूनच १९९५ चा आदेश १९९१ मध्ये निघाला असता तर काय झाले असते, हा प्रश्न निरर्थक ठरत नाही. साधन एकच असले तरी चार वर्षांचा उशीर कोणाच्या पदरी पडतो, ते त्यातून कळते.

मजुरीचे चित्रही फार उजळ नाही. १९९९ च्या प्रशासकीय पुनर्रचनेत जुने ४९ प्रांत जाऊन १६ झाले, तेव्हा मिएलेत्स पोडकार्पात्स्का प्रांतात आले. या प्रांताचे दरडोई उत्पन्न आजही राष्ट्रीय सरासरीच्या सुमारे ७० टक्केच आहे. स्वस्त मजुरी हे गुंतवणूकदाराला दाखवलेले आमिष असेल, तर ती महाग होऊ देण्यात क्षेत्राला घाई असण्याचे कारण नाही. मे २००४ मध्ये पोलंड युरोपीय संघात गेल्यावर ब्रिटन आणि आयर्लंड यांचे दरवाजे लगेच उघडले आणि या भागातील अनेक तरुणांनी क्षेत्रातील नोकरीपेक्षा तेथले काम पसंत केले. ज्या आयर्लंडच्या नमुन्यावर क्षेत्र उभे होते, त्याच आयर्लंडने त्याचे कामगार ओढून नेले. लाकडी फळ्यांच्या उद्योगातून होणाऱ्या हवेच्या प्रदूषणाविरुद्ध अलीकडच्या काळात शहरात मोठी निदर्शनेही झाली. रोजगार मिळावा म्हणून वीस वर्षांपूर्वी कोणी जो प्रश्न विचारला नव्हता, तो आता मुले असलेले, नोकरीत स्थिरावलेले नागरिक विचारू लागले. विकासाचा हा परिणाम अपेक्षित नसला तरी अयोग्य म्हणता येणार नाही.

फुटबॉलच्या संघाची कथा थोडक्यात सांगण्याजोगी आहे. कारखान्याचा आधार सुटल्यावर १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात तो वरच्या साखळीतून घसरून विसर्जित झाला, स्थानिक लोकांनी तो खालच्या पायरीवरून पुन्हा उभा केला आणि २०२० मध्ये तो पुन्हा पहिल्या श्रेणीत पोहोचला. कारखान्याने उचललेल्या अशा कितीतरी सामाजिक जबाबदाऱ्या होत्या, आणि कोणत्याही खासगी कंपनीने त्या एकत्र उचलल्या नाहीत. काही नगरपालिकेकडे गेल्या, काही कोणाकडेच गेल्या नाहीत. १९९० मध्ये पोलंडमध्ये स्थानिक स्वराज्य पुन्हा सुरू झाले होते. कारखान्याने सोडलेली कामे घेण्याइतके निवडून आलेले मंडळ तरी तेव्हा अस्तित्वात होते. ते नसते तर ही पडझड फार अधिक झाली असती.

विमाने परत आली, सरकारही

विमान उद्योग संपला नाही, पण तो टिकण्याचा मार्ग सरळ नव्हता. जुना विभाग कर्जात बुडाला, तेव्हा १९९८ मध्ये अभिकरणाने त्याची उत्पादनक्षमता नव्या, कर्जमुक्त कंपनीत घेतली आणि काही वर्षे स्वतःच ती चालवली. म्हणजे सरकारी मालकी संपवण्याच्या प्रवासात सरकारने एक कंपनी पुन्हा सरकारी केली. तत्त्वाच्या दृष्टीने हे विसंगत दिसते. व्यवहारात पाहिले तर मोडीच्या भावात विकण्याऐवजी ग्राहक मिळेपर्यंत थांबण्याची सोय त्यातून झाली. आन्तोनोव्ह आन-२८ या विमानावरून विकसित केलेले ‘एम-२८’ हे छोट्या धावपट्टीवर उतरणारे विमान या काळात कंपनीला तगवून होते. २००७ मध्ये अमेरिकेच्या सिकोर्स्की कंपनीने ती विकत घेतली आणि २०१० पासून ब्लॅक हॉक हेलिकॉप्टरची आंतरराष्ट्रीय आवृत्ती येथे जुळवली जाऊ लागली. २०१५ मध्ये सिकोर्स्की स्वतःच लॉकहीड मार्टिनकडे गेली. शेजारच्या झेशूफमध्ये विमानांच्या इंजिनांचा कारखाना आणि तंत्रविद्यापीठ आहे. तेथे २००३ मध्ये स्थापन झालेल्या ‘एव्हिएशन व्हॅली’ या उद्योगसंघामुळे सुटे भाग पुरवणाऱ्या लहान कंपन्याही या साखळीत आल्या.

खासगीकरणाचे वर्तुळ येथे पूर्ण झाले असे वाटते, आणि नेमके येथेच ते अपुरे असल्याचे लक्षात येते. लष्करी हेलिकॉप्टर सरकारच विकत घेते. एप्रिल २०१५ मध्ये पोलिश संरक्षण मंत्रालयाने मोठ्या हेलिकॉप्टर खरेदीसाठी एअरबसच्या काराकाल यंत्राची प्राथमिक निवड केली, तेव्हा मिएलेत्समध्ये तीव्र नाराजी उसळली आणि येथे बनणारे हेलिकॉप्टर डावलल्याचा मुद्दा त्या वर्षीच्या निवडणुकीत आला. नव्या सरकारने ऑक्टोबर २०१६ मध्ये एअरबसशी बोलणी थांबवली आणि जानेवारी २०१९ मध्ये विशेष दलांसाठी मिएलेत्समधील चार ब्लॅक हॉक घेण्याचा करार झाला. कारखान्याची मालकी वॉशिंग्टनजवळच्या एका कंपनीकडे, मागणी वॉर्सातील मंत्रालयाकडे आणि कामगारांची मते स्थानिक खासदाराकडे, अशी ही त्रिस्थळी यात्रा आहे. मालकी गेली म्हणून राज्यसंस्था उद्योगातून गेली, असे मानणे किती भोळेपणाचे असते ते या खरेदीच्या कथेत दिसते.

सवलतीचा विस्तार आणि तिचे विरळ होणे

युरोपीय संघाच्या स्पर्धाविषयक नियमांत अमर्याद करमाफी बसत नव्हती. प्रवेशाच्या वाटाघाटींत हा मुद्दा बराच ताणला गेला. २००१ पासून नव्या परवान्यांना गुंतवणुकीच्या ठरावीक टक्केवारीपर्यंतच माफी मिळू लागली, आणि २००० पूर्वी परवाना घेतलेल्या मोठ्या कंपन्यांची माफी पात्र खर्चाच्या ७५ टक्क्यांवर, मोटार उद्योगातील मोठ्या कंपन्यांची ३० टक्क्यांवर आणली गेली. वीस वर्षांचे वचन दिलेले असताना ते मध्येच आखडते घेतले, म्हणून काही कंपन्यांनी नाराजी व्यक्त केली. तरीही कारखाने उठून गेले नाहीत. तोवर त्यांची यंत्रे, पुरवठादार आणि माणसे मिएलेत्समध्ये रुजली होती. करमाफी ही येण्यासाठी लागणारी गोष्ट होती, राहण्यासाठी लागणाऱ्या गोष्टी वेगळ्या होत्या, हे या प्रसंगाने जवळजवळ प्रयोगासारखे दाखवून दिले.

दुसरीकडे क्षेत्राची भौगोलिक व्याख्या सैल होत गेली. गुंतवणूकदार जेथे जमीन पाहील तेथे क्षेत्राची सीमा नेण्याची प्रथा पडली आणि मिएलेत्सच्या क्षेत्राचे तुकडे झेशूफजवळच्या यासिओन्का विमानतळापाशी, लुब्लिनमध्ये आणि थेट वायव्य टोकाला जर्मनीच्या सीमेलगत असलेल्या श्चेचिनमध्येही निघाले. मागास भागाला झुकते माप म्हणून निघालेली सवलत अशा रीतीने मागास नसलेल्या भागांनाही मिळू लागली. मे २०१८ च्या कायद्याने या प्रवासाचा शेवट केला आणि जवळजवळ सबंध देशच गुंतवणुकीच्या सवलतीस पात्र ठरवला. गरीब प्रांतांतील प्रकल्पांसाठी अटी सौम्य ठेवल्या आहेत, पण फरकाची धार बोथट झाली आहे. वॉर्सा किंवा व्रोत्स्वाफजवळ जागा मिळत असताना पोडकार्पात्स्कात कशासाठी जावे, या प्रश्नाचे उत्तर करमाफीत पूर्वीइतके सापडत नाही.

जुन्या क्षेत्रांची मुदत अनेकदा वाढवून २०२६ अखेरपर्यंत नेण्यात आली आहे. त्या तारखेपर्यंत जुन्या परवान्यांवरची माफी चालेल. त्यानंतर येथील कंपन्या सर्वसाधारण दराने कंपनीकर भरतील किंवा नव्या गुंतवणुकीसाठी २०१८ च्या कायद्याखाली नवा निर्णय मागतील. अभिकरणापुढे आता भूखंड विकण्याचे काम फारसे उरलेले नाही. १९९५ मध्ये माणसे होती आणि काम नव्हते. आज काम आहे आणि प्रशिक्षित माणसे पुरेशी नाहीत. व्यावसायिक शाळांतील तुकड्या कारखान्यांच्या गरजेप्रमाणे भरणे आणि झेशूफच्या विद्यापीठातून बाहेर पडणाऱ्या अभियंत्यांना परदेशाऐवजी चाळीस-पन्नास किलोमीटरवरच्या मिएलेत्सकडे वळवणे, ही कामे परवान्यातील अटी लिहून होण्यासारखी नाहीत, आणि ती कोणत्या संस्थेने करायची हे २०१८ च्या कायद्यात नीट ठरलेले दिसत नाही.